मारुती ८०० ची टिकटिक आणि काही शे रुपयांचा मेकॅनिक स्टेथोस्कोप

जुनी मारुती ८०० गॅरेजमध्ये उभी करून ‘इंजिन टिकटिक करतंय’ म्हटलं की बरेच मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच सांगून मोकळे होतात: टॅपेट वाजतायत (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट वाढलीय), सेटिंग करून घ्या. पुष्कळदा ते खरंही असतं. पण तशीच टिकटिक सैल राहिलेल्या प्लगमधून येते, मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) जळालेल्या गॅस्केटमधून येते, प्लगला वीज देणाऱ्या चिरलेल्या एचटी वायरमधून येते, सीएनजी किटच्या इंजेक्टरमधून येते. अशा वेळी टॅपेट आवळले तर मूळ आवाज तसाच राहतो आणि वर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायची वेळ येते. मेकॅनिक स्टेथोस्कोप या एका चुकीपासून वाचवतो, आणि तेवढ्यासाठी त्याची किंमत अगदीच थोडी आहे. मात्र तो नुसता इंजिनावर टेकवून चालत नाही. वापरायची रीत माहीत नसेल तर त्यातून सगळीकडेच टिकटिक ऐकू येते.

परीक्षणासाठी ८०० निवडण्याचं कारण साधं आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती आणि तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं एफ८बी इंजिन ओम्नीतही बसलं. त्यामुळे गावोगावी ही इंजिनं अजून चालू आहेत. डोक्यावर व्हॉल्व्ह उघडणारा एक कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण सहा व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक रॉकरवर स्क्रू-लॉकनटची हाताने करायची सेटिंग. तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, म्हणून तेल बदलून किंवा तेलात औषध घालून आपोआप भरून निघेल असं यात काही नाही. पुढे बारा व्हॉल्व्हचं इंजिनही ८०० मध्ये आलं, पण इथले आकडे सहा व्हॉल्व्हवाल्याचे आहेत.

साधन काय आहे ते आधी. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्याच कानात घालायच्या दोन नळ्या, खाली गोल डबी, डबीत पातळ पत्र्याचा पडदा आणि त्या पडद्याला भिडणारी, आट्यांवर बसणारी पोलादी सळई. सळईचं टोक ज्या भागावर टेकतं त्याची थरथर पडद्याला मिळते आणि नळीतल्या हवेतून कानात पोचते. बॅटरी नाही, बटण नाही. बाजारात मिळणारे बिनब्रँडचे नग दिसायला जवळपास सारखेच असतात, फरक आहे तो बांधणीत.

घेताना सळई डबीत पूर्ण आवळून हलवून पाहावी. आट्यांत जरा जरी खेळ असेल तर साधन स्वतःच किणकिणतं, आणि टिकटिक शोधायला निघालेल्या माणसाला त्याचीच टिकटिक ऐकू येते. स्वस्तातल्या नगांचा हा सगळ्यात मोठा दोष आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेपचा एक वेढा दिला तर बऱ्याच अंशी भागतं. डबी धातूची असेल तर उत्तम. प्लास्टिकची डबी सळई आवळताना आट्यांपाशी चिरते. दुकानातच चाचणी घ्यायची तर भिंतीवरच्या किंवा मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर टोक टेकवावं. सेकंदकाट्याचा ठोका स्वच्छ ऐकू आला पाहिजे. दोन नग शेजारी ठेवून ऐकले तर पडद्यातला फरक लगेच कळतो.

विकत आणल्यावर एक सुधारणा आवर्जून करावी. टोकाचा बोटभर भाग उघडा ठेवून बाकीच्या सळईवर तापवल्यावर आवळून बसणारी हीट-श्रिंक नळी चढवावी. बॅटरीचं टर्मिनल, अल्टरनेटरची तार किंवा एचटी वायर यांना उघडी सळई लागली तर ठिणगी आणि झटका दोन्ही मिळतात. शिवाय नळीमुळे सळई वाटेतल्या इतर भागांना घासली तरी त्याचा आवाज कमी मिसळतो.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथल्या हत्यारांच्या दुकानांत विचारावं. ऑनलाइनही मिळतो, पण आटे तपासून घेता येत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकणारे मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या आहेतच, मग हे कशाला? स्क्रू-ड्रायव्हर काम करतो, यात शंका नाही. पण त्याने ऐकताना डोकं थेट चालत्या बेल्टवर आणि पंख्याजवळ न्यावं लागतं. ८०० चा पंखा विजेवर चालतो, इंजिन तापलं की तो न सांगता फिरायला लागतो. दुसरं म्हणजे एकच कान वापरला जातो आणि दुसऱ्या कानात सगळ्या गॅरेजचा गोंगाट शिरतो. स्टेथोस्कोपने दोन्ही कान बंद होतात आणि चेहरा हातभर लांब राहतो. या दोन गोष्टींसाठी तो स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा निश्चित सरस आहे. ऐकण्याची ताकद मात्र फार वेगळी नाही. इलेक्ट्रॉनिक प्रकार, म्हणजे क्लिप लावून हेडफोनवर ऐकायचे, हे चालत्या गाडीत चाकाचे बेअरिंग किंवा सस्पेन्शन शोधायला भारी आहेत. उभ्या इंजिनाच्या टिकटिकीसाठी त्यांच्यावर जास्त पैसे घालायची गरज नाही.

साधन हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी नुसत्या कानाने आणि डोळ्याने पाहायच्या. पहिली, डिपस्टिकवर तेलाची पातळी. तेल कमी असेल तर आधी ते भरा आणि मग ऐका. तेलाचा दिवा इंजिन चालू असताना लुकलुकत असेल तर निदान वगैरे सगळं बाजूला ठेवून इंजिन बंद करा. दुसरी गोष्ट, आवाज गार इंजिनात जास्त की गरम. मॅनिफोल्डची गळती सकाळी पहिल्या स्टार्टला कडक टिकटिकते आणि धातू तापून फुगला की पाच-दहा मिनिटांत मंदावते. पिस्टन स्लॅप, म्हणजे सैल पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं, हाही तसाच गार असताना वाजतो, पण त्याचा ठोका जाड, पोकळ असतो. टॅपेट मात्र तापल्यावर गप्प बसत नाहीत. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते तापून जास्त फुगतं आणि फट वाढते, म्हणूनच मॅन्युअलमध्ये गरम इंजिनासाठीचा आकडा गारपेक्षा मोठा दिलेला असतो. ‘गरम झाल्यावर आवाज जातो’ असं गाडीचा मालक सांगत असेल तर टॅपेटवरचा संशय तिथेच निम्मा कमी करावा.

तिसरी गोष्ट म्हणजे ताल, आणि हिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ९०० आरपीएमवर आयडल असेल तर क्रँक सेकंदाला १५ फेरे घेतो आणि कॅम साडेसात. एकच टॅपेट सैल असेल तर सेकंदाला सात-आठ ठोके पडतात, ते कानाला सुटे सुटे जाणवतात. सहाही सैल असतील तर सेकंदाला ४५ ठोके होतात आणि शिलाई मशीन चालल्यासारखा सलग आवाज येतो. क्रँकशी बांधलेला दोष सेकंदाला १५ वेळा वाजतो. हे कानाने मोजता येत नाही, पण टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) असेल तर सोपी युक्ती आहे. एक नंबरच्या वायरला क्लिप लावा. वितरक (प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर) असलेल्या या इंजिनात तो दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच लुकलुकतो, म्हणजे कॅमच्या तालात. टिकटिक आणि दिवा एकमेकांबरोबर चालत असतील तर आवाज कॅमच्या बाजूचा किंवा एखाद्या सिलिंडरच्या स्फोटाशी जोडलेला आहे. एका लुकलुकीत दोन ठोके येत असतील तर खाली क्रँककडे पाहावं.

मग स्टेथोस्कोप. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी नको. साधनाची रबरी नळीसुद्धा लोंबकळते, ती अल्टरनेटरच्या बेल्टपासून दूर राहील अशी एका हाताने धरावी.

टॅपेट कव्हरच्या मधल्या पृष्ठभागावर टोक टेकवणं ही सगळ्यांकडून होणारी चूक. कव्हर पोकळ असतं, ते ढोलासारखं घुमतं आणि सहाच्या सहा रॉकर एकदम वाजल्यासारखे वाटतात. टोक नेहमी हेडला घट्ट भिडलेल्या भागावर टेकवावं: कव्हर आवळणारे बोल्ट, प्लगशेजारची हेडची भिंत, मॅनिफोल्डचे स्टड. आणि तुलना एकसारख्या जागांचीच करावी. एक नंबरच्या प्लगशेजारी ऐकलं तर दोन आणि तीनच्याही प्लगशेजारीच ऐका, तेवढ्याच दाबाने. हात जास्त दाबला की आवाज वाढतो. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर, तिथून मोजत जा. धातूमधून आवाज लांबवर जातो, त्यामुळे ‘ऐकू येतो’ याला अर्थ नाही. कुठे सर्वांत तीक्ष्ण येतो ते शोधायचं. जोरात आणि तीक्ष्ण यातला फरक कानाला एकदा बसला की निम्मं काम झालं.

याच ठिकाणी साधनाची मर्यादाही कळते. सळई फक्त धातूची थरथर पकडते. सैल प्लग किंवा फाटलेली मॅनिफोल्ड गॅस्केट यातून येणारी टिकटिक म्हणजे दर स्फोटाला बाहेर पडणारा वायूचा फटकारा असतो आणि तो हवेतून येतो. सळईने तो सगळ्या हेडवर पसरलेला वाटतो आणि मिस्त्री टॅपेटकडे वळतो. उपाय साधनातच आहे: सळई आणि डबी काढून टाकायची आणि मोकळी रबरी नळी मॅनिफोल्डच्या सांध्याजवळून, न टेकवता, हळूहळू फिरवायची. गळतीच्या तोंडाशी फट-फट असा आवाज एकदम मोठा होतो. डबी न सुटणारा नग घेऊ नये, असं म्हणतो ते याच कारणाने. दुजोऱ्याला गळतीच्या जागी काजळीचा काळा ओघळ शोधावा. प्लगसाठी साबणाचं पाणी जास्त खात्रीचं: प्लगच्या बुडाशी दोन थेंब सोडले आणि बुडबुडे उडाले की संपलं. प्लग आवळण्याआधी त्याचा वॉशर चपटा झालाय का ते पाहा, नाहीतर आठवड्यात पुन्हा सैल होतो.

एचटी वायरची टिकटिक कोरडी, चटचट अशी असते. ती ऐकायला स्टेथोस्कोप लावूच नये. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केलं की चिरलेल्या वायरीतून हेडवर उडी मारणारी निळसर ठिणगी दिसते. पावसाळ्यात हा दोष जास्त वर येतो आणि सोबत इंजिन मिस मारतं.

कार्ब्युरेटरच्या गाडीत कॅमवर चालणारा मेकॅनिकल फ्युएल पंपही वाजतो. टोक थेट पंपाच्या बोल्टवर टेकवलं की तिथला आवाज प्लगशेजारच्यापेक्षा तीक्ष्ण येतो. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत इंजेक्टरची टिकटिक अगदी नैसर्गिक आहे. तिन्हीवर टोक टेकवून पाहावं, तीनही एकसारखे वाजले पाहिजेत. एक मुका असेल तर तो इंजेक्टर किंवा त्याचा कनेक्टर तपासा. सीक्वेन्शियल सीएनजी किटचे इंजेक्टर मात्र पेट्रोलच्यापेक्षा बरेच कर्कश वाजतात आणि त्यांची रेल एखाद्या ब्रॅकेटवर आवळलेली असेल तर आवाज बॉडीतून थेट केबिनमध्ये येतो. यासाठी कोणतंही साधन लागत नाही. आयडलवर असताना स्विच पेट्रोलवर टाका. टिकटिक त्याच क्षणी थांबली तर टॅपेट कव्हर उघडण्याचं कारण नाही, रेलच्या ब्रॅकेटखाली रबर बसवा.

एवढं सगळं वगळल्यावर एखाद्या सिलिंडरच्या वरच्या बाजूला तीक्ष्ण, हलका, आरपीएमबरोबर वाढणारा ठोका उरला तर तो टॅपेट. एक खातरजमा अजून: जाड रबरी मुठीच्या पकडीने त्या सिलिंडरची प्लग वायर क्षणभर काढली तरी टॅपेटचा आवाज बदलत नाही, कारण रॉकरला स्फोटाशी देणंघेणं नसतं. बदलला, मंदावला, तर पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. एमपीएफआय गाडीत वायर काढण्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. आणि ठोका जड असेल, खाली ऑइल सम्पच्या (तेलाच्या तळटाकीच्या) बाजूला जास्त ऐकू येत असेल, रेस देऊन सोडताना वाढत असेल, तर गाडी चालवत गॅरेजलासुद्धा नेऊ नका. टो करून न्या. टॅपेटची टिकटिक महिनाभर वाट पाहते, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं, म्हणजे बिग एंडचं, बेअरिंग पाहत नाही.

स्टेथोस्कोपचं काम इथे संपतं. किती सैल आहे हे तो सांगत नाही. ते फीलर गेजनेच, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांच्या मापानेच, कळतं, म्हणून हे साधन घेणाऱ्याने चांगला फीलर गेजही घ्यावा. क्रिस्टीलसारख्या ओळखीच्या कंपनीचा घ्या, कारण स्वस्त गेजच्या पानांवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष जाडी यांत फरक असू शकतो आणि इथे सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे. गार इंजिनात फट साधारण ०.१५ मिमी धरतात, तुमच्या वर्षाच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्या. गार म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. तासाभरापूर्वी बंद केलेलं इंजिन गार नसतं.

तीनही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवा. वितरकाचा रोटर एक नंबरच्या वायरकडे आला, टायमिंगची खूण जुळली आणि एक नंबरचे दोन्ही रॉकर बोटाने हलके हलले की त्याचे दोन्ही टॅपेट पाहायचे. फायरिंग क्रम १-३-२ आहे, म्हणून क्रँक आणखी २४० अंश फिरवला की तीन नंबर, आणखी २४० अंशांवर दोन नंबर. आधी काही न हलवता सहाही फटी मोजून कागदावर लिहून घ्या. हा कागद स्टेथोस्कोपच्या निदानाची परीक्षा असतो: ज्या सिलिंडरवर ठोका ऐकला त्याचीच फट मोठी निघाली पाहिजे. नाही निघाली, तर टॅपेट सेट करूनही आवाज जाणार नाही.

तसं होण्याचं एक नेहमीचं कारण आहे. व्हॉल्व्हच्या टोकावर घासून घासून रॉकरच्या भिडणाऱ्या भागात खळगा पडतो. फीलर गेजचं सपाट पान त्या खळग्यावर पुलासारखं बसतं, ०.१५ दाखवतं, आणि खरी फट त्याहून मोठी असते. सेटिंग ‘बरोबर’, तरीही टिकटिक चालू. अशा वेळी स्क्रू आणखी आवळण्यापेक्षा रॉकर किंवा स्क्रू बदलावा. गाळाने रॉकर शाफ्टची तेलाची भोकं बुजली की बुशही झिजतात. मग रॉकर वर-खाली नव्हे, आडवा हलतो. तो हाताने हलवला की कळतो.

स्क्रू धरून लॉकनट आवळताना फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. ०.१३ चं पान सहज गेलं पाहिजे, ०.१५ चं किंचित ओढ देत, ०.२० चं जाता कामा नये. सगळे झाल्यावर क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून सहाही पुन्हा तपासा.

आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून फट कमी ठेवण्याची मागणी गाडीवाल्याकडूनच येते, आणि काही मिस्त्री ती पुरी करतात. हे करू देऊ नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बंद असताना सीटला (तो ज्या कड्यावर टेकतो त्याला) देतो. फट संपली की तो पूर्ण टेकत नाही, उष्णता जायला वाट राहत नाही, कड जळते, कॉम्प्रेशन बसतं आणि गाडी आयडलवर हलायला लागते. मग हेड उतरवण्याचा खर्च. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीत तर सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकत जातो, फट आपोआप घटते आणि इंजिन दिवसेंदिवस गप्प होत जातं. अशा गाडीत टॅपेट पेट्रोल गाडीपेक्षा लवकर तपासावे लागतात, आणि सगळ्यात शांत सिलिंडर सगळ्यात आधी. त्यासाठीही स्टेथोस्कोप कामाला येतो: तीन सिलिंडरांत दोन हलके टिकटिकतायत आणि तिसरा अगदी मुका, तर गेज आधी त्या मुक्याला लावा.

दुसऱ्या गाड्यांविषयी थोडक्यात. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि वर जाणारे पुशरॉड, म्हणून वर ऐकलेला ठोका खाली कॅमपाशीही ऐकून पाहावा. पहिल्या होंडा सिटीच्या दीड लिटर इंजिनात इनटेकला ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७ मिमी अशा वेगवेगळ्या फटी आहेत, तिथे ८०० चा आकडा वापरू नये. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात सकाळी काही सेकंद टिकटिक होऊन थांबणं चालतं, तिथे आधी तेलाची पातळी आणि तेलाचा दर्जा पाहावा.

ज्याच्याकडे एकच जुनी गाडी आहे आणि जो टॅपेट स्वतः सेट करणार नाही, त्यानेही हे साधन घ्यावं का? आमच्या मते घ्यावं, पण सळई-डबी सुटी होणारा आणि आटे घट्ट असलेला नग मिळाला तरच. गाडी ठणठणीत असताना तिन्ही सिलिंडर, पंप आणि अल्टरनेटर एकदा निवांत ऐकून ठेवा. अल्टरनेटरच्या बेअरिंगची घरघर, पंपाची चटचट आणि टॅपेटचा ठोका आधी ओळखीचे असतील तर पुढे नवा आवाज नेमका कुठला ते सांगता येतं. डबीतला पडदा तेलकट बोटांनी पुसू नका आणि सळई काढूनच ठेवा, वाकलेली सळई पडद्याला तिरकी भिडते आणि आवाज अर्धा होतो.